जुन्या कॉम्प्युटरचा आवाज गेलाय? साउंड ड्रायव्हर ओळखायचा, शोधायचा आणि बसवायचा कसा (फोनच्या मदतीने)

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी हे गाव मिरचीसाठी ओळखलं जातं, कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी नाही. अशा गावात कॉम्प्युटर बिघडला की सीपीयू पोत्यात गुंडाळायचा, गाडीच्या मागच्या सीटवर बांधायचा आणि अर्जुनी नाहीतर वडसा गाठायचं. एवढं करून कधी कधी उत्तर मिळतं, "भाऊ, बोर्ड गेला." मग तो सीपीयू घरी येऊन धानाच्या पोत्यांशेजारी पडून राहतो.

आता समजा, तुमच्या घरात असाच एक जुना कॉम्प्युटर आहे. दादाने एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला. कुणीतरी मध्यंतरी फॉरमॅट मारून दिला आणि तेव्हापासून आवाज बंद. घरात चांगला फोन एकच, तो दिवसभर बाबांच्या खिशात. धाकट्या बहिणीची बारावी आहे, शिकवणीचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर आहेत, स्क्रीन मोठी आहे, पण सर नुसते तोंड हलवताना दिसतात. फॉरमॅट मारल्यावर आवाज गेला असेल तर बहुतेक वेळा साउंड कार्ड जळालेलं नसतं. त्याचा ड्रायव्हर नसतो, किंवा चुकीचा असतो. बोर्ड गेला हे मान्य करण्याआधी एक संध्याकाळ या कामाला द्या. खर्च फक्त डेटाचा.

ड्रायव्हर ही काय भानगड आहे?

फोनवर तुम्ही कधीच साउंड ड्रायव्हर टाकला नाही, बरोबर? पण फोनमध्येही आवाजाची चिप असते आणि तिचा ड्रायव्हरही असतो. फरक एवढाच, की फोन बनवणाऱ्या कंपनीला आत कोणती चिप आहे ते माहीत असतं, म्हणून ती ड्रायव्हर आधीच भरून पाठवते. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचं तसं नाही. बोर्ड एका कंपनीचा, त्यावरची आवाजाची चिप दुसऱ्या कंपनीची आणि विंडोज तिसऱ्याच कंपनीचं. विंडोजला या चिपशी बोलायचं तर मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. फॉरमॅट मारताना जुना दुभाषी पुसला गेला आणि नवा कुणी बसवलाच नाही, की चिप जिवंत असूनही मुकी.

साउंड 'कार्ड' हा शब्द मात्र जुन्या काळातला. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणलं, तेव्हा ते खरोखरचं वेगळं कार्ड होतं, बोर्डाच्या खाचेत बसवायचं. तेव्हा कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १ असे आकडे माणसाला हाताने भरावे लागायचे. एक आकडा चुकला की गेम चालू व्हायची पण आवाज नाही. पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ, म्हणजे एचडी ऑडिओ, ही दोन मानकं आणली आणि आवाजाची चिप थेट बोर्डावरच बसू लागली. तुमच्या घरातला कॉम्प्युटर या दोनांपैकी कुठल्या पिढीचा आहे, यावर पुढचं सगळं काम ठरतं. २००३-०४ च्या आसपासचा असेल तर बहुधा एसी९७, आणि कोअर टू डुओ किंवा त्यानंतरचा असेल तर जवळजवळ नक्कीच एचडी ऑडिओ.

आधी वायर बघा

ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी स्पीकर ठीक आहे का ते बघा. त्याची पिन काढून फोनच्या जॅकला लावा (जॅक नसेल तर टाइप-सीचा कनेक्टर वापरा) आणि गाणं लावा. वाजलं तर स्पीकर सुटला. मग कॅबिनेटच्या मागे पिन हिरव्या भोकातच आहे ना ते पाहा. हिरवं म्हणजे आवाज बाहेर, गुलाबी म्हणजे माइक, निळं म्हणजे बाहेरून आवाज आत घ्यायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात सहा महिने बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या जॅकला आतून गंज धरतो. पिन दहा-बारा वेळा आतबाहेर केली आणि खरखर करत आवाज आला, तर दोष ड्रायव्हरचा नव्हताच.

आता घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर माउस न्या. तिथे काय लिहून येतं ते महत्त्वाचं. 'नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड' आलं तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. लाल फुली नसेल आणि व्हॉल्यूमची पट्टी नीट हलत असेल, तर ड्रायव्हर आहे पण सेटिंग चुकलंय. मग थेट खालच्या सेटिंगच्या भागाकडे गेलात तरी चालेल.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो?

'कॉम्प्युटर' किंवा 'माय कॉम्प्युटर' वर राइट क्लिक, मग 'मॅनेज', मग डावीकडे 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथे 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' हा गट शोधा, आणि 'अदर डिव्हायसेस' नावाचा गट दिसतोय का तेही बघा. पिवळ्या रंगाचं उद्गारचिन्ह दिसलं तर घाबरू नका, ही चांगली बातमी आहे. विंडोजला चिप दिसते आहे, फक्त तिच्याशी बोलता येत नाही. त्यावर डबल क्लिक केलं की 'कोड २८' दिसेल, म्हणजे ड्रायव्हर नाहीच. 'कोड १०' म्हणजे ड्रायव्हर आहे पण तो सुरू होत नाही. बऱ्याचदा दुसऱ्याच चिपचा किंवा दुसऱ्या विंडोजचा ड्रायव्हर बसवला की असं होतं.

त्या पिवळ्या चिन्हापुढचं नावही वाचा. 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' लिहिलं असेल तर बोर्ड बहुतेक एसी९७ चा. 'ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस' असेल तर एचडी ऑडिओ. चिन्ह पिवळं नसून खाली वळलेला छोटा बाण असेल, तर कुणीतरी ते बंद करून ठेवलंय. राइट क्लिक करून 'इनेबल' करा, काम झालं.

आणि आवाजाचं काहीच दिसत नसेल तर? मग बायोसमध्ये चिप बंद असू शकते. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट बटण दाबत राहा (काही ब्रँडेड मशीनवर एफ२ किंवा एफ१०). 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' किंवा 'ऑनबोर्ड डिव्हायसेस' अशा पानावर 'एचडी ऑडिओ', 'अझालिया' किंवा 'ऑनबोर्ड ऑडिओ' यापैकी काहीतरी सापडेल. त्यापुढे 'डिसेबल्ड' असेल तर 'इनेबल्ड' किंवा 'ऑटो' करा आणि सेव्ह करून बाहेर या. अझालिया हे एचडी ऑडिओचं जुनं टोपणनाव, वेगळं काही नाही.

बायोसमध्ये आलाच आहात तर तारीखही बघून घ्या. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि आपण उगाच नेटला दोष देत बसतो. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

चिप ओळखायची: इथेच बहुतेक जण घाई करतात

"विंडोज ७ साउंड ड्रायव्हर" असं सर्च करून पहिलं येईल ते डाउनलोड करणं म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन "तापाची कुठलीही गोळी द्या" म्हणण्यासारखं आहे. विंडोजचा ड्रायव्हर असा काही नसतो. चिपचा असतो.

पिवळ्या चिन्हाच्या वस्तूवर डबल क्लिक करा, 'डिटेल्स' टॅबवर जा आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ दिसेल. घाबरायचं काम नाही, फोनने तिचा फोटो काढा. त्यातले दोनच तुकडे आपल्या कामाचे. 'व्हेन' या तीन अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी, आणि 'डेव्ह' पुढचे चार म्हणजे नेमकी चिप. 'व्हेन' पुढे १०ईसी असेल तर कंपनी तैवानची रियलटेक. ११०६ म्हणजे व्हिया, ११डी४ म्हणजे ॲनालॉग डिव्हायसेस (साउंडमॅक्स नावाने ओळखली जाते ती), १४एफ१ म्हणजे कोनेक्सन्ट. ८०८६ असेल तर इंटेल. आपल्या प्रसिद्ध ८०८६ प्रोसेसरचाच नंबर इंटेलने स्वतःची ओळख म्हणून घेतलाय.

एचडी ऑडिओ असेल तर काम सोपं. रियलटेकच्या बाबतीत तर 'डेव्ह' पुढे चिपचं नावच लिहिलेलं असतं: ०६६२ म्हणजे एएलसी६६२, ०८८७ म्हणजे एएलसी८८७.

एसी९७ मध्ये मात्र एक गोम आहे. तिथे हार्डवेअर आयडीत ८०८६ दिसतं आणि लोक इंटेलचा साउंड ड्रायव्हर शोधत फिरतात. खरं तर इंटेलचा तो फक्त कंट्रोलर, म्हणजे आवाजाची माहिती ने-आण करणारा भाग. प्रत्यक्ष आवाज तयार करणारी चिप, जिला कोडेक म्हणतात, ती रियलटेकची, साउंडमॅक्सची किंवा आणखी कुणाची असू शकते, आणि तिचं नाव या ओळीत नसतं. मग एकच उपाय, कॅबिनेट उघडून बघायचं.

वायर प्लगमधून पूर्ण काढा, पॉवरचं बटण एकदोनदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या आणि बाजूचं झाकण उघडा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. फोनची टॉर्च लावा. बोर्डाचं नाव आणि मॉडेल बहुतेक वेळा मोठ्या अक्षरात, कार्ड बसवायच्या खाचांच्या आसपास छापलेलं असतं. हिरव्या-गुलाबी जॅकच्या जवळ एक छोटी चौकोनी काळी चिप शोधा, चारही बाजूंना बारा-बारा बारीक पाय असलेली. त्यावर खेकड्याचं चित्र दिसलं तर ती रियलटेक! हो, खेकडा हा त्यांचा लोगो आहे. अक्षरं फार बारीक असतात, म्हणून फोन टेकवून जवळून फोटो काढा आणि मग झूम करा. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने नाही.

ब्रँडेड मशीन असेल, म्हणजे डेल, एचपी, लेनोव्हो, एसर, तर एवढं करायची गरजच नाही. मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. डेलवाले त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात.

शेवटची एक माहिती: 'माय कॉम्प्युटर' वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथे ३२ बिट आहे की ६४ बिट ते बघा. डाउनलोड करताना एक्स८६ म्हणजे ३२ बिट, एक्स६४ किंवा एएमडी६४ म्हणजे ६४ बिट. प्रोसेसर इंटेलचा असला तरी ६४ बिटच्या फाइलवर 'एएमडी६४' लिहिलेलं चालतं.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा, आणि कुठून अजिबात नाही

हा भाग नीट वाचा. ड्रायव्हर म्हणजे साधं ॲप नव्हे. फोनवरचं ॲप कॅमेऱ्यासाठी परवानगी मागतं, ड्रायव्हर असं काही विचारत नाही. तो विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, आणि तिथून त्याला कीबोर्डवर काय टाइप होतंय ते, पासवर्डसकट, बघता येऊ शकतं. ही नुसती भीती नाही. २०१७ मध्ये मॉडझीरो या स्विस कंपनीच्या तज्ज्ञांना एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये असं आढळलं, की कोनेक्सन्टच्या ऑडिओ ड्रायव्हरसोबत येणारा एक प्रोग्रॅम दाबलेलं प्रत्येक बटण एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवत होता. हेतू चोरीचा नव्हता, तपासणीसाठी लिहिलेला कोड तसाच राहून गेला होता, आणि नंतर दुरुस्तीही आली. पण खऱ्या कंपनीच्या खऱ्या ड्रायव्हरमध्ये असं होऊ शकतं, तर कुठल्यातरी अनोळखी साइटवरच्या फाइलचं काय सांगावं?

म्हणून क्रम असा ठेवा. पहिली पसंती बोर्ड किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटला: आसुस, गिगाबाइट, एमएसआय, किंवा वरचे ब्रँड. त्यांच्या 'सपोर्ट' पानावर मॉडेल टाकलं की यादी येते, त्यात 'ऑडिओ' निवडायचं. तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टची 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' ही साइट. बऱ्याच जणांना ती माहीतच नाही, पण आमच्या मते जुन्या मशीनसाठी यासारखी जागा नाही. हार्डवेअर आयडीचा 'व्हेन' ते 'डेव्ह' पर्यंतचा तुकडा तिथल्या सर्चमध्ये टाका, मायक्रोसॉफ्टकडे जमा झालेले ड्रायव्हर तारखेसकट दिसतात. चिप रियलटेक असेल तर रियलटेकच्या स्वतःच्या साइटवरही बघता येईल. इंटेलचा बोर्ड असेल तर थोडी पंचाईत आहे, कारण इंटेलने जुन्या डेस्कटॉप बोर्डांच्या फाइल २०१९ पासून आपल्या साइटवरून काढायला सुरुवात केली. तेव्हा अशा बोर्डासाठी चिपच्या नावाने शोधा.

'ड्रायव्हर अपडेटर', 'ड्रायव्हर बूस्टर' प्रकारची सॉफ्टवेअर टाळा. कॉम्प्युटर स्कॅन करून "तुमचे इतके इतके ड्रायव्हर धोकादायक स्थितीत" असं लाल अक्षरात दाखवायचं आणि मग पैसे मागायचे, हा यातल्या अनेकांचा धंदा. सोबत नको असलेले दोन-चार प्रोग्रॅम फुकट. डाउनलोड साइटवरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण बहुतेक वेळा जाहिरात असतं, खरी लिंक खाली बारीक अक्षरात असते.

फाइल उतरवल्यावर दोन गोष्टी तपासा. एक, फोनच्या ब्राउझरमध्ये 'व्हायरसटोटल' ही साइट उघडून फाइल तिथे टाका. अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी ती तपासून देतात. दोन, कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'डिजिटल सिग्नेचर्स' मध्ये कंपनीचं नाव बघा. सही असली म्हणजे शंभर टक्के खात्री असंही नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या गाजलेल्या व्हायरसच्या ड्रायव्हरवर चक्क रियलटेकची चोरलेली डिजिटल सही होती! म्हणून फाइल कुठून आली हा प्रश्न पहिला, सही दुसरी.

आणखी एक. 'लेटेस्ट' च्या मागे लागू नका. फोनवर नवीन अपडेट म्हणजे चांगलं, ही सवय इथे उलटी पडते. नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिप काढून टाकलेल्या असतात, आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला नव्या पद्धतीच्या सह्याच ओळखता येत नाहीत. मग 'कोड ५२' येतो. बोर्ड २००९ चा असेल तर त्याच सुमाराचा किंवा पुढच्या तीन-चार वर्षांतला ड्रायव्हर उत्तम.

हे सगळं डाउनलोड फोनवरच करा. एक्सपीमधलं जुनं इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या बहुतेक सुरक्षित साइट उघडूच शकत नाही. विंडोज ७ असेल तर फोन केबलने जोडा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि फाइल कॉपी करा. एक्सपी फोन ओळखेलच असं नाही, तेव्हा ओटीजी लावून पेनड्राइव्हवर टाका. रियलटेकचं पूर्ण पॅकेज शे-दोनशे एमबी किंवा त्याहून मोठं असतं, म्हणजे दिवसाचा डेटा पॅक बघून रात्री लावलेलं बरं.

बसवायचं कसं

आधी 'सिस्टम रिस्टोर' मधून एक रिस्टोर पॉइंट बनवा. बिघडलं तर मागे येता येतं. चुकीचा ड्रायव्हर आधीच बसलेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून तो 'अनइन्स्टॉल' करा, आणि 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर' ची चौकट दिसली तर तिच्यावर टिक करा. नाहीतर रिस्टार्ट झाल्यावर तोच पुन्हा येऊन बसतो.

फॉरमॅटनंतर बोर्डाचा चिपसेट ड्रायव्हरही टाकलेला नसेल, तर तो आधी. त्यानंतर ऑडिओची सेटअप फाइल चालवा, 'नेक्स्ट' करत जा आणि शेवटी रिस्टार्ट. सेटअप नसेल, अपडेट कॅटलॉगची 'कॅब' फाइल असेल, तर ती सेव्हन-झिपने उघडून एका फोल्डरमध्ये काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर' आणि तो फोल्डर दाखवा. विंडोज त्यातून स्वतः शोधून घेतं.

एक्सपी आणि एचडी ऑडिओ अशी जोडी असेल तर एक अडथळा येतो. एक्सपी एचडी ऑडिओच्या आधीचं, त्यामुळे त्याला 'यूएए बस ड्रायव्हर' नावाचा मायक्रोसॉफ्टचा एक तुकडा आधी लागतो. रियलटेकच्या एक्सपीसाठीच्या पॅकेजमध्ये तो सहसा असतोच, म्हणून तिथे नुसता ड्रायव्हर न घेता पूर्ण पॅकेज घ्या. याउलट विंडोज ७ आणि एचडी ऑडिओ असेल तर मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आपोआप बसतो आणि आवाज येतोही. त्याचं समाधान असेल तर रियलटेकचा टाकला नाही तरी चालेल. विंडोज ७ आणि एसी९७ मध्ये मात्र ड्रायव्हर सोबत येत नाही, तो शोधावाच लागतो.

आवाज आला, पण...

मागून येतो, पुढच्या जॅकमधून नाही. ही सगळ्यात नेहमीची तक्रार. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपासून बोर्डापर्यंत एक वायर जाते, तिचं टोक कधी 'एचडी ऑडिओ' लिहिलेलं असतं, कधी 'एसी९७'. कॅबिनेट जुनं आणि बोर्ड नवा असला की पिन घातल्याचं बोर्डाला कळतच नाही. 'रियलटेक एचडी ऑडिओ मॅनेजर' उघडा, कोपऱ्यातल्या पिवळ्या फोल्डरवर क्लिक करा आणि 'डिसेबल फ्रंट पॅनल जॅक डिटेक्शन' वर टिक करा. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्येही 'फ्रंट पॅनल' पुढे 'एसी९७' की 'एचडी' हे निवडता येतं.

सगळं बरोबर आहे पण आवाज टीव्हीकडे किंवा मॉनिटरकडे जातोय, असंही होतं. एचडीएमआय वायर असेल तर विंडोज तिलाच मुख्य स्पीकर समजतं. स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक, 'प्लेबॅक डिव्हायसेस', तिथे 'स्पीकर्स' निवडून 'सेट डिफॉल्ट' करा. 'टेस्ट' बटण तिथेच आहे.

कॉल आला किंवा मीटिंग सुरू झाली की व्हिडिओचा आवाज एकदम खाली जातो? बिघाड नाही. त्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' टॅबवर विंडोजने इतर आवाज ८० टक्के कमी करायचं ठरवलेलं असतं. 'डू नथिंग' करा.

फोनचे इअरफोन लावले, ऐकू येतं पण माइक चालत नाही. फोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे डावा, उजवा, माइक आणि अर्थिंग असे चार भाग. जुन्या कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमध्ये माइकला जागाच नसते, तो वेगळा गुलाबी जॅक. एका पिनचे दोन करणारं छोटं स्प्लिटर मिळतं, ते घ्या. माइकचा आवाज फार बारीक असेल तर 'रेकॉर्डिंग' टॅब, माइकचे 'प्रॉपर्टीज', 'लेव्हल्स' मध्ये 'मायक्रोफोन बूस्ट' एक पायरी वाढवा. दोन पायऱ्या वाढवल्या तर पंख्याची घरघरही सगळ्यांना ऐकू जाईल.

आवाजात तडतड असेल तर स्पीकरच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'एन्हान्समेंट्स' सगळी बंद करा आणि 'ॲडव्हान्स्ड' मध्ये १६ बिट, ४४१०० किंवा ४८००० हर्ट्झ ठेवा. जुन्या मशीनला २४ बिट आणि हॉलसारखा घुमणारा आवाज देऊन आपण काहीच कमावत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर आवाज हीच स्क्रीन असते. एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर मराठीही वाचून दाखवतं, पण ड्रायव्हर नसेल तर तेही मुकं. घरात असं कुणी असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. फक्त विंडोज ७ वर एनव्हीडीएची २०२३.३ मालिकेतली आवृत्ती घ्या, २०२४ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत.

तरीही नाही आला तर

एक भारी चाचणी आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स टाका, मिंट किंवा लुबुंटू, आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, 'ट्राय' किंवा 'लाइव्ह' वर चालवायचं. लिनक्समध्ये आवाजाचे ड्रायव्हर गाभ्यातच असतात, त्यामुळे एएलसी६६२ सारख्या चिप न सांगता चालतात. तिथे आवाज आला, तर चिप शाबूत आहे आणि घोळ विंडोजच्या ड्रायव्हरचाच, हे नक्की. न आला तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून बघा. पट्टीखाली दोन 'एम' दिसत असतील तर ती म्यूट आहे, 'एम' बटण दाबून उघडा. 'ऑटो-म्यूट' चालू असेल तर तेही बंद करून पाहा.

खरं सांगायचं तर दोन जीबी रॅमच्या मशीनवर लिनक्सच ठेवावं असं आमचं मत. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोजवरच राहायचं असेल तर व्हिडिओ बघा, टाइपिंग शिका, पण त्यावरून बँकेचं काम करू नका.

लिनक्समध्येही आवाज नाही, बायोसमध्येही चिप दिसत नाही, तर मग ती खरंच गेली. तरी बोर्ड बदलायची गरज नाही. यूएसबी साउंड कार्ड नावाचं बोटाएवढं डोंगल काही शे रुपयांत मिळतं, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला हिरवा आणि गुलाबी जॅक. साध्या डोंगलला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, एक्सपीसुद्धा त्याला ओळखतं. लावल्यावर बायोसमधून बोर्डावरची चिप 'डिसेबल्ड' करून टाका, म्हणजे विंडोजचा गोंधळ होणार नाही.

आणि चाललेली ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरच्या नावात बोर्डाचं मॉडेल, विंडोज कुठलं आणि ३२ की ६४ बिट एवढं लिहा. हार्डवेअर आयडीचा फोटोही त्यातच टाका. पुढच्या वेळी कुणी फॉरमॅट मारायला आलं, की आधी तो पेनड्राइव्ह त्याच्या हातात द्यायचा.